दुसरी झडप

माझ्या मावशीच्या घराला सगळी गल्ली 'अर्धं फाटक' म्हणायची. पत्ता सांगायला सोपं. वळणावरून आत आलात की डाव्या हाताला ज्या घराच्या फाटकाला एकच झडप आहे, ते शिवणवाल्या बाईंचं घर. दुसऱ्या झडपेच्या जागी एक फळी होती, दोरीने खांबाला बांधलेली. दोरी कुजली की मावशी नवी बांधायची. फळी पहिल्यापासून तीच. खरी दुसरी झडप मागच्या पडवीत भिंतीला टेकून उभी होती, आणि ती पुरी करणारा माणूस समुद्रापलीकडे लोकांची जहाजं दुरुस्त करत होता.

तो माणूस म्हणजे माझे काका, मावशीचे यजमान. मी त्यांच्याबद्दल जरा तिरकस बोलेन. मावशी त्यांना कधी एका शब्दाने दुखवत नसे, तेव्हा घरात कुणीतरी बोलायला हवं होतं आणि ते काम मी आनंदाने अंगावर घेतलं होतं. त्या गावात नोकरी लागली म्हणून मी मावशीकडे राहायला आले. त्यांना मूलबाळ नव्हतं. घरात आम्ही दोघी, तिचं शिवणयंत्र आणि काकांची वाट.

काका वेल्डर. घरापुढच्या पत्र्याच्या शेडमध्ये त्यांचं दुकान होतं. खिडक्यांच्या जाळ्या, जिन्याचे कठडे, टाकीचे स्टँड, लोकांची फाटकं. गावातल्या निम्म्या घरांना त्यांच्या हातची फाटकं आणि स्वतःच्या घराला फळी. दिव्याखाली अंधार, दुसरं काय.

त्यांची एक पद्धत होती. वेल्डिंगचा रॉड लोखंडाला टेकवण्याआधी ते मोठ्याने ओरडायचे, "डोळे!" मग शेडच्या आसपास जो कोणी असेल त्याने तोंड फिरवायचं. त्या उजेडाकडे उघड्या डोळ्यांनी पाहिलं की पुढे कितीतरी वेळ डोळ्यांत वाळू गेल्यासारखं खुपत राहतं, आणि गल्लीतल्या प्रत्येकाने ते एकेकदा भोगलेलं होतं. त्यामुळे हाक आली की गिऱ्हाईक भिंतीकडे वळायचं, दूधवाला सायकलसकट वळायचा, आणि समोरचा चष्मेवाला हातातला चष्मा खाली ठेवून आपल्या कपाटाकडे तोंड करायचा. तो मावशीला म्हणायचा, "वहिनी, तुमच्या नवऱ्यामुळे माझा धंदा दुप्पट व्हायला हवा होता. पण हा माणूस ओरडून ओरडून माझ्या पोटावर पाय देतो."

मावशीचं शिवणयंत्र शेडला लागून असलेल्या खोलीत, खिडकीशी. हाक आली की तीही वळायची. एकदा काजं करता करता मला म्हणाली, "लग्न झाल्यापासून ह्यांचं काम मी कधी पाहिलंच नाही बघ. हे कामाला लागले की माझी ह्यांच्याकडे पाठ. समोरच्या भिंतीवर निळा उजेड नाचायचा आणि त्यात माझी सावली. ह्यांना तिकडे काय दिसत असेल, ते एकदा तरी बघायचं होतं मला."

"मग बघायचं की काच लावून."

'काच' म्हणजे डोक्यावर पट्ट्याने बसवायचा, पुढे काळी काच असलेला मुखवटा. काका त्याला नुसतं काच म्हणायचे.

"काच एकच होती ना," मावशी म्हणाली.

पुढे काकांना एका जहाजदुरुस्तीच्या गोदीतून बोलावणं आलं. करार दोन वर्षांचा. निघायच्या आधी त्यांना एकाएकी घरच्या फाटकाची आठवण झाली. एक झडप पुरी करून त्यांनी बसवली. दुसरीचे पाइप कापले, चौकटीत मांडले, टाके मारले, तोवर गाडीची वेळ झाली. टाका म्हणजे जोडावर मारलेला वेल्डिंगचा एकेक थेंब, तुकडे जागचे हलू नयेत एवढ्यापुरता. पूर्ण जोड मागाहून भरायचा असतो. काका म्हणाले, "आलो की भरतो."

दोनाची चार वर्षं झाली आणि चाराची किती झाली ते मावशीने मोजणं सोडून दिलं. दर आठवड्याला फोन यायचा आणि त्याचं पालुपद ठरलेलं, "एवढं जहाज झालं की येतो." आता जहाजांना काय तोटा? समुद्र आहे तोवर गंज आहे, आणि गंज आहे तोवर काका तिकडे. मी मावशीला म्हणायचे, "ती गोदी तुझी सवत आहे." ती यंत्रावरचा पाय न थांबवता म्हणायची, "सवत असती तर जाऊन झिंज्या तरी उपटल्या असत्या. गोदीच्या काय उपटू?"

मी यायच्या आधीच, गावी परतणाऱ्या एका सोबत्याबरोबर काकांनी एक खोकं पाठवलं होतं. आत तारेचं छोटं वेल्डिंग मशीन. घरच्या विजेवर चालणारं, एकट्या माणसाला उचलता येईल एवढं. त्याला सारखे रॉड बदलावे लागत नाहीत. आत तारेचं रीळ असतं, हातातल्या टॉर्चचा, म्हणजे वेल्डिंग करायच्या मुठीचा, खटका दाबला की तार आपोआप पुढे येते आणि तीच वितळून जोड भरत जाते. हे सगळं काकांनी फोनवर रंगवून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, "आलो की दोघं मिळून उघडू. तोवर उघडू नकोस."

मावशीने उघडलं नाही. उलट त्या खोक्याला मापात एक कव्हर शिवलं, कडेला गोट वगैरे लावून. खोकं खोलीच्या कोपऱ्यात बसलं. तयार कपड्यांच्या घड्या ती त्यावर ठेवायची, गिऱ्हाईक आलं की उचलून द्यायची आणि दर वेळी कव्हरवरून एक हात फिरवायची. काका मधे दोनदा रजेवर येऊन गेले. दुसऱ्या वेळी मी होते. पडवीत जाऊन त्यांनी झडप चाचपली, खोलीत येऊन खोक्यावर थाप मारली आणि म्हणाले, "चार दिवसांसाठी कशाला पसारा मांडायचा? कायमचा आलो की बघू." मावशी म्हणाली, "बरं." मावशीचं हे 'बरं' ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची.

गावात दुसरे वेल्डर नव्हते असं नाही. दोघातिघांनी आपण होऊन विचारलं होतं, की बाई, तेवढे जोड भरून देतो, तासाभराचं काम आहे. मावशी म्हणायची, "ह्यांचं काम आहे. त्यात दुसऱ्याचा हात नको."

एका सुट्टीच्या दिवशी ती पडवी झाडत होती. झाडूचा धक्का त्या झडपेला लागला, खालच्या कोपऱ्यातला एक टाका तुटला आणि पाइप एका बाजूने लोंबकळला. आवाज केवढासा. पण मावशी झाडू टाकून तिथेच खाली बसली. मी धावले, मला वाटलं पायावर काही पडलं.

"कच्ची शिलाई कशाला घालतात, ठाऊक आहे तुला?" तिने विचारलं.

"पक्की घालेपर्यंत कापड सरकू नये म्हणून."

"म्हणजे किती दिवस? एक, दोन. पक्की घातली की ती उसवून टाकायची. कच्च्या शिलाईवर कपडा घालून कुणी वर्षानुवर्षं हिंडत नाही." तिने तुटलेल्या टाक्यावर बोट फिरवलं. बोटाला गंज लागला. "मी हिंडतेय," ती म्हणाली.

एरवी माझी जीभ तयार असते. त्या दिवशी मी तो लोंबकळता पाइप नुसता हाताने वर उचलून धरला.

संध्याकाळी काकांचा फोन आला. टाक्याबद्दल ती एक अक्षर बोलली नाही. फक्त, जे ती कधीच विचारत नसे, ते विचारलं, "अहो, कधी येताय?" काका जरा अडखळले. मग म्हणाले, मोठं जहाज लागलंय, मला आता वरचा माणूस केलाय, नव्या माणसांवर नजर ठेवावी लागते, एवढं झालं की… मावशी म्हणाली, "बरं," आणि फोन ठेवला.

मी तोंड उघडणार तेवढ्यात तीच बोलली. "त्यांना तिकडचं काम आवडतं गं. माझ्यावर राग नाही, घराचा कंटाळा नाही. काम आवडतं. नवऱ्याला दारू आवडली तर बायको भांडते, दुसरी बाई आवडली तर भांडते. काम आवडलं तर तिने कुणाशी भांडायचं?"

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर खोक्याचं कव्हर घडी घालून खुर्चीवर ठेवलेलं, आणि मावशी कापडाच्या कात्रीने खोक्याची चिकटपट्टी कापत होती. ही तीच कात्री, जी मी एकदा कागदाला लावली म्हणून तिने माझ्याशी दोन दिवस अबोला धरला होता. मी दारातच उभी राहिले. उघडणं म्हणजे काय, हे मलाही कळत होतं. खोकं बंद होतं तोवर काका यायचे होते.

"बघत काय उभी राहिलीस," ती म्हणाली. "धर इकडून."

आत मशीन, जाड केबल लावलेली टॉर्च, लोखंडाला पकडायची मोठी क्लिप, तारेचं रीळ, एक तारेचा ब्रश आणि आम्हा दोघींना न वाचता येणाऱ्या भाषेतली चित्रांची पुस्तिका. मावशीने मशीनचं बाजूचं झाकण उघडलं आणि कितीतरी महिन्यांनी मोकळं हसली. "अगं, हे तर शिवणयंत्रच आहे!" इथे रीळ बसवायचं, तार या दोन चाकांमधून घ्यायची, हा ताणाचा स्क्रू, आणि तिथून नळीतून थेट टॉर्चच्या टोकाला. "सुई तेवढी लांब गेलीय," ती म्हणाली.

आणि शिवणाऱ्या बाईनेच करावी अशी चूक तिने केली. दोऱ्याचं नवं रीळ आपण उघडतो तसं तिने त्या रिळाचं टोक कात्रीने सोडवलं आणि ओवण्यासाठी ते शोधायला लागली. दोरा टोक सोडलं तरी गुमान पडून राहतो. तार गुंडाळलेली असते ती दाबून धरलेल्या स्प्रिंगसारखी. टोक सुटलं मात्र, सगळं रीळ उसळलं. क्षणात तारेची वेटोळी खोलीभर, खुर्चीच्या पायात, शिवणयंत्राच्या चाकात, माझ्या केसांत. आम्ही दोघी पोट धरधरून हसलो. हसता हसता मावशी रडायला केव्हा लागली ते मला कळलंच नाही.

"ह्यांनी एवढ्या लांबून पाठवलेली," ती म्हणत होती. "इतकी वर्षं जपली आणि पहिल्याच झटक्यात वाया घालवली."

निम्मी तार कापून टाकावी लागली. उरलेलीचं टोक तिने मला चिमटीत घट्ट धरायला लावलं आणि मग रीळ बसवलं. ताणाचं तिला कुणी शिकवायची गरज नव्हती. ही तार आतून पोकळ, पोटात भुकटी भरलेली. चाकं फार आवळली तर चेपते, सैल ठेवली तर घसरते. तिने टॉर्चच्या टोकातून आलेली तार लाकडी फळीवर दाबून पाहिली, स्क्रू थोडा पिळला, पुन्हा पाहिलं. तार न अडता वळायला लागली तेव्हा म्हणाली, "हं, आता बरोबर."

मग शेडमधल्या खिळ्यावरून तिने काकांची काच काढली आणि त्यांचे चामड्याचे हातमोजे. मोजे वाळून काकांच्या हाताच्या आकाराचे होऊन बसले होते, बोटं किंचित मुडपलेली. मावशीने त्यात हात घातला आणि जरा वेळ तशीच उभी राहिली. काच डोक्यावर बसवली तर ती नाकापर्यंत घसरली. मी म्हटलं, "मागचा पट्टा आवळ की, स्क्रू आहे तिथे."

"नको. त्यांच्या डोक्याच्या मापाचा आहे तो." तिने एका फडक्याची घडी घातली, ती कपाळाशी ठेवली आणि वरून काच बसवली. तरीही ती घसरतच होती.

पुढचा आठवडाभर ती शेडची दारं ओढून घेऊन लोखंडाच्या तुकड्यांवर हात बसवत होती. मशीनला दोन बटणं, एक विजेच्या जोराचं, एक तारेच्या वेगाचं. दोन्ही तिने सगळीकडून फिरवून पाहिली. पण जोड काही होईना. ठिणग्यांचा नुसता भडिमार, फटफट फाटका आवाज, आणि लोखंडावर पक्ष्याने घाण केल्यासारखे डाग. बोटाने ढकललं की डाग गळून पडायचे. समोरचा चष्मेवाला विचारायचा, "वहिनी, आत वेल्डिंग चाललंय की फटाके?" दारं बंद, त्यामुळे 'डोळे' म्हणून ओरडायचा प्रश्नच नव्हता. दारं उघडी असती तरी ती ओरडली नसती. "ती हाक ह्यांची आहे," असं म्हणाली.

शेवटी मी म्हटलं, "बाजारातल्या एखाद्या वेल्डरला विचारू या."

मावशीने हातमोजे काढले. "विचारायचं तर ह्यांनाच."

"मग कळेल त्यांना, उघडलंस म्हणून."

"कळू दे," ती म्हणाली खरी, पण चेहरा उतरला होता.

सुट्टीच्या दिवशी, गोदीत जेवणाची सुट्टी असेल अशी वेळ बघून तिने स्वतःहून फोन लावला. आजवर असं कधी झालं नव्हतं. काका घाबरूनच बोलले, "काय गं? काय झालं? बरी आहेस ना?" मावशीने फोन स्पीकरवर टाकून माझ्या हातात दिला, काच खाली ओढली, मी भिंतीकडे वळले, आणि तिने खटका दाबला. फट, फट, तडतड, फट. मग सोडला.

पलीकडे लांब कुठेतरी लोखंडावर घण पडत होता तेवढा.

"उघडलंस?" काका म्हणाले.

"हो."

मी मनातल्या मनात उत्तराला धार लावून ठेवली होती. एक शब्द रागाचा येऊ दे, मग बघते. पण काका म्हणाले, "गॅसची टाकी नाही ना लावलेली? तारेच्या पोटात भुकटी आहे?"

"हो."

"मग तू उलटं जोडलंयस. म्हणजे तू नाही, कारखान्यातूनच ते गॅसच्या तारेसाठी जोडून येतं. मशीन बंद कर आणि प्लग काढ. झाकणाच्या आत प्लस आणि मायनस अशा दोन खुणा आहेत. टॉर्चची वायर मायनसला लाव, क्लिपची प्लसला."

समुद्रापलीकडे बसून नुसत्या आवाजावरून त्यांनी ओळखलं. मी थक्क झाले आणि लगेच मला रागही आला. यंत्राची तडतड एवढ्या लांबून कळते, बायकोचं 'बरं' कळत नाही, हे अगदी माझ्या जिभेवर आलं होतं. पण मावशी पाना शोधत होती आणि तिचे कान लाल झाले होते, म्हणून गप्प बसले.

"दाखव मला," काका म्हणाले. मी व्हिडिओ कॉल लावला. त्यांनी शेड पाहिली, मशीन पाहिलं, दोन स्टुलांवर आडवी ठेवलेली झडप पाहिली. "ही अजून आहे?"

"नसायला काय झालं?" मावशी म्हणाली. "तिच्याकडे कुठला पासपोर्ट?"

मी तोंडावर हात ठेवला. काकांच्या उभ्या संसारात त्यांना हे पहिलंच उत्तर मिळालं असावं.

मग त्यांनी उंटावरून शेळ्या हाकायला सुरुवात केली. जोडावरचा गंज ब्रशने खरवड, लोखंड पांढरं दिसलं पाहिजे. क्लिप गंजावर नको, स्वच्छ जागी लाव. तार अर्धं पेर बाहेर ठेव. टॉर्च ढकलू नकोस, आपल्याकडे ओढत ने. कोपर पोटाशी टेकव. आधी नुसता हात फिरवून बघ. "आणि रेघ वाकडी…"

"अहो, मी शिवणकाम करते. रेघ सरळ कशी न्यायची ते सांगू नका."

"बरं," काका म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडी मी प्रथमच ऐकला.

या तारेचा धूर फार होतो, म्हणून काकांनी शेडची दारं सताड उघडायला लावली. समोर गल्ली दिसायला लागली. चष्मेवाला दुकानात काचा पुसत होता. एक बाई भाजीची पिशवी घेऊन चालली होती. मावशीने टॉर्च जोडाजवळ नेली, काच खाली ओढली, पुन्हा वर केली आणि गल्लीकडे बघत राहिली. मला कळलं तिचं कुठे अडलंय. मग तिने काच परत खाली ओढली.

"डोळे!"

आवाज पहिल्यांदा चिरकला, शेवटी चढला. पिशवीवाली बाई जागच्या जागी वळली. चष्मेवाल्याने हातातली काच खाली ठेवली आणि इतक्या वर्षांनी, काही विचार न करता, कपाटाकडे तोंड केलं. मी भिंतीकडे वळले. फोन मी असा धरला होता की माझ्या खांद्यावरून काकांना मावशी दिसावी. भिंतीवर निळा उजेड नाचायला लागला आणि त्यात माझी सावली. मावशी सांगायची तश्शी.

आणि फोनमध्ये मला काका दिसले. म्हणजे त्यांची पाठ दिसली. जन्मभर ज्यांनी तो उजेड पाहिला, फोनमधून ज्यांच्या डोळ्यांना काडीचाही धोका नव्हता, आणि ही गोष्ट त्या गोदीत त्यांच्याइतकी कुणालाच ठाऊक नव्हती, ते काका मावशीची हाक ऐकून वळून उभे राहिले होते. मानेवरचे केस पांढरे झालेले. पलीकडे जहाजाची गंजकी भिंत.

आवाज बदलला होता. फटफट गेली होती. कढईत काहीतरी तळत ठेवल्यासारखा एकसारखा, शांत आवाज येत होता. मग तोही थांबला.

मावशीने काच वर केली. डोळे भरलेले आणि मोठ्ठे झालेले. "अगं, लोखंडाचं पाणी होतं गं! एवढंसं तळं होतं आणि ते आपल्यामागून चालत येतं. किती सुंदर आहे ते. ह्यांनी कधी सांगितलंच नाही मला." मग फोनकडे, "अहो, झालं. वळा आता."

काका वळेनात. खांदे जरा हलत होते.

"अहो!"

"धूर गेला डोळ्यात," तिकडून आवाज आला.

आमच्या शेडमधला धूर तिकडे गोदीत कसा गेला, हे विचारण्याइतकी दुष्ट मी नाही.

मग ते वळले. मावशीने जोडावरची काळी खपली ठोकून काढली आणि मी फोन जवळ नेला. काकांनी बराच वेळ पाहिलं. "थेंब जरा मोठे पडलेत. हात घाईत आहे. पण धरलंय. पक्कं धरलंय." मग घसा साफ करून म्हणाले, "बाकीचे जोड भर. पण ग्राइंडर मारू नकोस, रंग देऊ नकोस. तेवढं राहू दे. मी आलो की करतो."

मी 'बरं'ची वाट पाहत होते.

"नाही," मावशी म्हणाली. "घासणार मीच. रंगही मीच देणार आणि झडपही बसवणार. तुम्ही या. मला तुम्ही हवे आहात, अजूनही रोज हवे आहात. फाटकाला आतून कडी लावणार नाही. पण आता तुमच्यासाठी अर्धं काही ठेवणार नाही."

तिकडे कामाचा भोंगा वाजला. काका हलले नाहीत. मावशीकडे बघत राहिले, तिच्या घामाने थबथबलेल्या चेहऱ्याकडे, कपाळावरून पुन्हा खाली आलेल्या त्या काचेकडे.

"मग पट्टा आवळून घे," ते हळूच म्हणाले. "मघापासून बघतोय, सारखी घसरतेय. तुझ्या मापाचा कर."

मावशीने काच नुसती पुन्हा कपाळावर सारली. फोन काकांनीच ठेवला.

फाटक झालं. जोड घासून गुळगुळीत झाले, रंग झाला, आणि बिजागऱ्या जोडताना चष्मेवाल्याने झडप धरली, तीही कपाटाऐवजी रस्त्याकडे तोंड करून आणि डोळे गच्च मिटून. गल्ली मात्र घराला अजून 'अर्धं फाटक'च म्हणते. लोकांच्या जिभेवरचा गंज ब्रशने निघत नाही. मावशी आता शिवणाच्या जोडीला खुर्च्यांचे पाय, सायकलींचे कॅरियर, शिवणयंत्रांचे स्टँड असली बारीक कामं घेते. काकांचा फोन पूर्वीसारखाच येतो. जहाजाचं नाव निघत नाही. आज काय जोडलंस, तार कशी चाललीय, असं विचारतात. ते अजून आलेले नाहीत. ती रात्री फाटक नुसतं लोटून घेते, कडी लावत नाही.

परवा ती कामाला बसली. फडक्याची घडी घातली, कपाळाशी ठेवली आणि वरून काच बसवली. पट्टा होता तिथेच.

मी म्हटलं, "मावशी, काकांनीच सांगितलंय ना, आवळून घे म्हणून?"

"सांगितलंय," ती म्हणाली. मग घसरणारी काच एका हाताने वर धरून तिने गल्लीकडे पाहिलं आणि ओरडली, "डोळे!"

मी भिंतीकडे वळले.